तीनशे बाहत्तर

शेजारच्या आजोबांनी कपाटावरून बुटाचं खोकं काढलं, झाकणावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि आतला घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. कागद पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. त्यावर आडव्या-उभ्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत शंकरपाळीसारखा एक तिरका चौकोन. बेसबॉलचं स्कोअरकार्ड. बॅटर पहिल्या बेसवर पोचला की शंकरपाळीची एक कड गडद करायची, दुसऱ्यावर पोचला की दोन. फेरी पुरी करून तो परत आला, रन झाली, की आख्खी शंकरपाळी पेन्सिलीनं भरून टाकायची. आजोबांनी चौथ्या इनिंगच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. दोन कडा होत्या. इतक्या दाबून काढलेल्या, की कागदाच्या मागच्या बाजूला वळ उठले होते.

"हा तीन हजारावा," ते म्हणाले.

३० सप्टेंबर १९७२. पिट्सबर्गचं थ्री रिव्हर्स स्टेडियम. न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाच्या रॉबेर्तो क्लेमेंटेनं डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारला आणि त्याचे कारकिर्दीतले ३,००० हिट्स, म्हणजे सुखरूप बेस गाठून देणारे फटके, पुरे झाले. मैदानात १३,११७ लोक होते. त्यांत हे आजोबा होते, पंचवीस वर्षांचे, मांडीवर पुठ्ठा आणि हातात पेन्सिल घेऊन. नियमित मोसमातला तो क्लेमेंटेचा शेवटचा हिट ठरला. तीन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचं सामान घेऊन तो प्वेर्तो रिकोहून विमानानं निघाला. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आलं होतं, म्हणून या वेळी स्वतः निघाला होता. विमान समुद्रात पडलं. तो अडतीस वर्षांचा होता. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, जायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवला गेला आणि १९७३ मध्येच त्याला आत घेतलं. आकडा मात्र तिथेच थांबला. ना एक जास्त, ना एक कमी.

मी सांगलीची. लग्नानंतर पिट्सबर्गला आले आणि आता इथे पेन हिल्समध्ये, वेंकटेश्वराच्या देवळापासून पाच मिनिटांवर, आमचं घर आहे. बेसबॉल मला या आजोबांनी शिकवला. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक गोष्ट क्रिकेटच्या भाषेत फिरवून घेत होते. पिचर म्हणजे गोलंदाज, कॅचर म्हणजे यष्टिरक्षक, होम रन म्हणजे षटकार. मग कधीतरी ते फिरवणं आपोआप बंद झालं. मॅचच्या दिवशी क्लेमेंटेच्या नावाचा पूल गाड्यांसाठी बंद करतात. काळ्या-पिवळ्या जर्सीतल्या गर्दीबरोबर नदी ओलांडून पायरेट्सच्या आताच्या मैदानाच्या, पीएनसी पार्कच्या, दिशेनं चालत जायचं, उजव्या बाजूची भिंत त्याच्या २१ नंबरवरून एकवीस फूट उंच बांधली आहे ती लेकीला दाखवायची, हे आता आमच्या घरातलं दरवर्षीचं आहे.

पण या खेळाशी माझं खरं नातं जुळलं ते मैदानात नाही, आजोबांच्या पोर्चवर. कारण तिथे वाद चालायचा. सर्वांत थोर कोण?

हा वाद मला ओळखीचा होता. सांगलीत आमच्या वाड्याच्या ओट्यावर बाबा आणि काका रात्री जेवणं झाली की हाच वाद घालत: हजारे की मर्चंट. विजय हजारे सांगलीत जन्मलेले, त्यामुळे बाबांच्या दृष्टीनं त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. काका सरकारी नोकरीत, आकड्यांचे माणूस. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये मर्चंट यांची सरासरी ७१.६४, त्यांच्या वर फक्त ब्रॅडमन, मग बोलायचं काय शिल्लक राहिलं? त्यावर बाबा १९४३-४४ ची, धर्मावरून संघ पाडलेल्या पंचरंगी स्पर्धेची फायनल काढायचे. 'रेस्ट' संघाच्या दुसऱ्या डावात सगळ्या मिळून ३८७ धावा, त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ विवेक उभा. दोघांची भागी ३०० धावांची, त्यात विवेकच्या २१. "दादा, हे तुझ्या सरासरीत कुठं बसतं ते दाखव." मग काका याच सामन्यातल्या मर्चंट यांच्या नाबाद २५० ची आठवण द्यायचे, बाबा ॲडलेडला जायचे, ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, आणि आई आतून विचारायची, दार लावू का.

बाबांचा जन्म १९४४ चा. त्यांनी ती ३०९ धावांची खेळी पाहिलेली नव्हती. ती त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली. बाबा खरं तर आपल्या वडिलांची बाजू लढवत होते. हे मला पेन हिल्समधल्या पोर्चवर बसल्यावर, जवळजवळ तीस वर्षांनी, कळलं.

तिथेही तसंच होतं. आजोबांचा नातू कॉलेजात संख्याशास्त्र शिकतो. त्याच्याकडे एकच माप, ज्याला इथे 'वॉर' म्हणतात: या खेळाडूच्या जागी एखादा सर्वसाधारण बदली खेळाडू आणला असता, तर संघ किती सामने कमी जिंकला असता. त्या यादीत सगळ्यांत वर बेब रूथ. ७१४ होम रन आणि त्याआधी बोस्टनसाठी पिचर म्हणून मिळवलेले विजय. दोन्ही कामं एका माणसानं केली, हे नातवाला अशक्य वाटायचं. मग शोहेई ओहतानी आला. २०२४ मध्ये एका मोसमात ५४ होम रन आणि ५९ चोरलेले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले, बेस. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एकाच सामन्यात सहा इनिंग पिचिंग करून दहा जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केलं आणि त्याच सामन्यात स्वतः तीन होम रन मारले. त्या रात्री नातू अनवाणी धावत आमच्या दारात आला होता. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच ठेवून मी त्याच्या फोनवर तिसरा होम रन पाहिला.

बॅरी बाँड्सचं नाव मात्र त्या पोर्चवर जपून घ्यावं लागतं. आकड्यांनी पाहाल तर ७६२ होम रन, सर्वांत जास्त. २००१ च्या एकाच मोसमात ७३. सात वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू. आणि तो सुरुवातीची सात वर्षं आमच्या पायरेट्सचा. पण उत्तेजकांचं सावट त्याच्यावरून हटलं नाही. हॉल ऑफ फेमसाठी क्रीडालेखकांच्या मतदानात शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याला ६६ टक्के मतं पडली आणि लागतात ७५. आजोबांचा राग मात्र उत्तेजकांचा नाही. त्यांचा राग १४ ऑक्टोबर १९९२ चा. अटलांटा, लीगच्या फायनलचा सातवा, निर्णायक सामना, नववी इनिंग, दोन आउट. लेफ्ट फील्डमधून बाँड्सचा थ्रो किंचित उशिरा आला आणि सिड ब्रीम, जो आधी आमचाच होता आणि ज्याचे गुडघे कामातून गेलेले होते, घसरत होम प्लेटला पोचला. अटलांटाची विजयी रन. बाँड्स त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पायरेट्सनी पुढची सलग वीस वर्षं हरण्याचे मोसम काढले. "क्लेमेंटे असता," आजोबा म्हणतात, आणि वाक्य पुरं करत नाहीत.

क्लेमेंटेला सर्वांत थोर म्हणणं आकड्यांत बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. २४० होम रन म्हणजे रूथच्या एक तृतीयांश. पण या शहरात त्याला काय सोसावं लागलं, ते त्यांनी जवळून पाहिलंय. त्याचं इंग्रजी वार्ताहर जसंच्या तसं, चुकांसकट छापायचे. खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांवर कितीतरी वर्षं 'बॉब' छापलं. तो सांगत राहिला की माझं नाव रॉबेर्तो. माझ्या पहिल्या नोकरीत माझं नाव पाचांतून दोन अक्षरांवर आणलं गेलं आणि मी काही बोलले नाही. म्हणून असेल, पण 'माझं नाव रॉबेर्तो' ही एक गोष्ट माझ्या मापात फार वजनाची आहे. ती कुठल्या रकान्यात भरायची ते नातवानं मला सांगावं.

या वादात एक गोष्ट मला सुरुवातीपासून नवलाची वाटत आलीय. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा २२६ मतदार होते. बेब रूथला मतं पडली २१५. म्हणजे अकरा जाणकारांनी रूथला मत दिलं नाही! टाय कॉबला त्याच्यापेक्षा जास्त, २२२. पुढे १९७९ मध्ये विली मेजला तेवीस जणांनी नाकारलं. हँक ॲरन, ज्यानं १९७४ मध्ये रूथचा ७१४ चा विक्रम मोडला आणि त्या पायी जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं उघडली, त्याला १९८२ मध्ये नऊ जणांनी. एकमतानं निवडून यायला २०१९ साल उजाडावं लागलं आणि तो मान मारियानो रिव्हेराला मिळाला. त्या नऊ जणांच्या मनात काय होतं? मी यावर खूप वेळा विचार केलाय. ॲरनचे सगळे ७५५ होम रन पुसून टाकले तरी त्याचे तीन हजारांहून जास्त हिट्स उरतात. उरलेल्या हिट्सवर एखादा दुसरा माणूस सहज हॉलमध्ये गेला असता.

आजोबा कृष्णवर्णीय आहेत, हे मी अजून सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्यांचे वडील पोलादाच्या कारखान्यात होते आणि हिल डिस्ट्रिक्टमध्ये राहायचे. तिथे १९३२ मध्ये गस ग्रीनली नावाच्या माणसानं पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या आपल्या संघासाठी मैदान बांधलं, ग्रीनली फील्ड. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, प्रवेश नव्हता, त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. क्रॉफर्ड्सकडे सॅचेल पेज हा पिचर होता आणि त्याचा चेंडू घ्यायला कॅचर जॉश गिब्सन. गिब्सन पुढे होमस्टेड ग्रेजकडून खेळला. पायरेट्स बाहेरगावी असले की ग्रेज त्यांचंच फोर्ब्स फील्ड भाड्यानं घ्यायचे. तेच मैदान, तेच बेस, फक्त दिवस वेगळा. गिब्सनच्या बॅटवर चेंडू लागला की त्याचा आवाज रस्त्यापलीकडे वेगळा ऐकू यायचा, असं वडील सांगायचे. आजोबा ती गोष्ट सांगताना पोर्चच्या लाकडी कठड्यावर मूठ आपटतात. एकदाच, मोठ्यानं.

२० जानेवारी १९४७ ला गिब्सन वारला. पस्तीस वर्षांचा. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला आणि कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगचं दार उघडलं. तीन महिनेही झाले नव्हते. आजोबांचा जन्म त्याच वर्षीचा.

नातू हे सगळं लहानपणापासून ऐकत आलाय. आदरानं ऐकतो. पण त्याचा प्रश्न रास्त होता: नोंद कुठे आहे? हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या पाटीवर जवळजवळ ८०० होम रन असं लिहिलंय. त्यात गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतले आलेच. कुणाविरुद्ध, कधी, किती लांब, कोण सांगणार? लीगचे सामने वर्षाला साठ-सत्तर, बाकी सगळं बसमधून हिंडत, मिळेल तिथे खेळणं. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. 'पिट्सबर्ग कुरियर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या पत्रांनी घेतली, म्हणून निदान काहीतरी राहिलं. त्या पत्रांच्या जुन्या अंकांतून संशोधकांनी वर्षानुवर्षं एकेक सामना, एकेक ओळ वेचून काढली. स्वतःच्या हातानं एकदा तरी स्कोअरकार्ड भरलं असेल तर हे काम किती जिकिरीचं आहे ते समजतं. एखाद्या शनिवारच्या दोन सामन्यांपैकी एकाचीच नोंद छापलेली, त्यातही आडनाव चुकलेलं.

२०२४ च्या मे अखेरीस मेजर लीगनं ती सगळी आकडेवारी आपल्या दप्तरात घेतली. आणि कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत, जिथे जवळजवळ शंभर वर्षं टाय कॉबचं नाव होतं, तिथे जॉश गिब्सन आला. कॉब .३६७. गिब्सन .३७२. हजार वेळा बॅटिंग केली तर ३७२ हिट्स. इथे दशांशचिन्ह कुणी उच्चारत नाही. 'तीनशे बाहत्तर' असंच म्हणतात.

मला ती संध्याकाळ लख्ख आठवते. नातवानं फोन आजोबांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. आनंदानं ओरडतील असं मला वाटलं होतं. ते उठून आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा हातात वडिलांचा फोटो होता, डोक्यावर टोपी, गळ्याशी बटण लावलेला शर्ट. तो त्यांनी आमच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि नातवाला म्हणाले, "आता यांना सांग."

नातवानं फोटोकडे पाहून आकडा मोठ्यानं वाचला. त्याचा आवाज मध्येच बसला.

वाद अर्थात तिथे संपला नाही. चारच दिवसांनी कामावर एक सहकारी म्हणाला, इतक्या थोड्या सामन्यांची सरासरी पूर्ण कारकिर्दीच्या सरासरीशेजारी कशी ठेवायची? शिवाय दप्तरात गिब्सनचे होम रन १७४ च आहेत, मग तो रूथच्या पंगतीत कसा? प्रश्न खोटा नाही. पण तो अर्धाच विचारला जातो. रूथच्या ७१४ पैकी लीग सामन्यात एकही सॅचेल पेजच्या चेंडूवर नाही, कारण पेजला त्या मैदानावर उभंच राहू दिलं नव्हतं. पेजला मेजर लीगचं दार उघडलं १९४८ मध्ये, बेचाळीस वर्षांचा झाल्यावर. अर्धे पिचर बाहेर ठेवून काढलेल्या सरासरीला आपण कित्येक दशकं 'पूर्ण' म्हणत आलो. माझं मत स्पष्ट आहे: कॉबचा आकडाही अर्ध्या जगाचाच आहे. या बाहेर ठेवण्याबद्दल भर सभेत बोलला तो एक गोरा खेळाडूच, टेड विल्यम्स, ज्यानं १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी गाठली होती. १९६६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा स्वतःच्या सत्काराच्या भाषणात त्यानं पेज आणि गिब्सन यांची नावं घेतली आणि ते इथे नाहीत कारण त्यांना संधीच दिली नाही, असं म्हटलं. पेज १९७१ मध्ये आत आला, गिब्सन १९७२ मध्ये.

आजोबांबरोबर मी गिब्सनच्या कबरीवर गेले ते त्याच जूनमध्ये. लॉरेन्सव्हिलच्या ॲलेघेनी दफनभूमीत, मोठमोठ्या उद्योगपतींच्या दगडी छत्र्या ओलांडून बरंच आत चालावं लागतं. १९७५ पर्यंत तिथे दगडही नव्हता. आता आहे तो लहानसा. नाव, १९११–१९४७, आणि 'लेजेंडरी बेसबॉल प्लेअर'. दगडाशेजारी गवतात कुणीतरी ठेवलेला एक बॉल होता. पावसानं त्याचं कातडं सुटून वर आलेलं, लाल टाके मात्र शाबूत. आजोबांनी वाकून तो नीट टेकवून ठेवला, घरंगळू नये म्हणून.

तिथे उभी असताना माझ्या मनात ओटा आला. बाबा, काका, हजारे, मर्चंट. आणि मी मनाशी विचारलं, आमच्या ओट्यावर कुणाचं नाव कधीच निघालं नाही?

घरी येऊन रात्री वाचत बसले. पळवणकर बाळू. जन्म १८७६, चांभार समाजातला. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखायचं, जाळं बांधायचं काम, आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायची. पुढे साहेबांना हरवायला हा माणूस पाहिजे म्हणून पुण्याच्या हिंदूंनी संघात घेतला. मैदानावर एकत्र. चहाच्या वेळी मात्र बाकीच्यांना आत कपबशीत, बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

एवढा मोठा माणूस आणि सांगलीच्या त्या ओट्यावर, जिथे मांजरेकरांच्या कटवरून आणि गुप्त्यांच्या गुगलीवरून मध्यरात्र व्हायची, त्याचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि कुणावर रागवावं तेही कळेना. बाबांवर रागावता येत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना जे दिलं तेच त्यांनी जपलं होतं.

रविवारी फोन केला. सांगलीत सकाळ होती. बाबा तेव्हा ऐंशीचे, काका शहाऐंशीचे, दोघं अजून सकाळचा चहा ओट्यावरच घेतात. मी बाळूंचं सगळं सांगितलं, कपबशीपर्यंत. बाबा मधे काहीच बोलले नाहीत. लाइन तुटली असं वाटून मी "बाबा?" म्हटलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "एका दौऱ्यात किती म्हणालीस?"

"एकशे चौदा."

"डावखुरा?"

"डावखुरा. स्लो."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बाबांचा आवाज लांब गेला, काकांना ऐकू जाईल असा मोठा झाला. "दादा, ऐकलंस का? तुझ्या विनू मंकडच्या तीस-पस्तीस वर्षं आधी…"

"कोण म्हणतोस?" काकांनी विचारलं. "सावकाश सांग."

बाबा पहिल्यापासून सांगू लागले. फोन तसाच चालू राहिला होता. मी तो कानाशी धरून ऐकत बसले.